कोरा फिल्टर

नगरपालिकेच्या शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून
पंप चालतो. मिनिटाला सोळा पूर्णांक सात लिटर.
दोन माणसं निवांत बसून जेवढी ओढतील तेवढी हवा.
शिपाई गजा भाटकर म्हणतो,
"मॅडम, ह्या दोघांना पगार नाय, रजा नाय,
गणपतीत पण हजर."

सकाळी दहाला मी चिमट्याने चकती उचलते.
काल पांढरी होती.
आज चुलीमागच्या भिंतीसारखी.

नाव विचारलं की धूर खोटं बोलतो,
अंगठा मात्र उठवून जातो.
सोडियम, क्लोरीन: दुपारचा खारा वारा.
त्याच्यावर कुणी नोटीस काढत नाही.
लोह, ॲल्युमिनियम: जांभा,
चिरेखाणीतला, आणि कापून ठेवलेल्या महामार्गाचा,
जो आमच्या इडलीच्या पिठावरसुद्धा बसतो.
व्हॅनेडियम आणि निकेल हातात हात घालून येतात,
म्हणजे बाहेर नांगर टाकलेलं जहाज जड तेल जाळतंय.
आणि पोटॅशियम.
पोटॅशियम म्हणजे झाडाचं काहीतरी जळलं.
काय, ते तो सांगत नाही.

म्हणून डिसेंबरात दिवसाचे सहा तुकडे केले.
दर चार तासांनी जिना, बॅटरी, चिमटा.
रात्री दोनला मतलई सुटते, डोंगराकडून खाली,
एमआयडीसीवरून, झोपलेल्या शहरावरून, समुद्राकडे.
दोन ते सहाचा तुकडा सगळ्यांत काळा.
मी तो डबीत ठेवला, डबीवर तारीख घातली,
आणि यंत्राला विचारायच्या आत मला कळलं.
ओढणीला वास होता.
काजूच्या टरफलांचा.

आईने एकोणीस वर्षं काजू फोडले.
राख चोळून बसायची, तरी तेल कातडीत शिरायचंच.
बोटांची टोकं अजून काळी, गुळगुळीत;
रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उठत नाही.
माझ्या बीएस्सीची फी त्याच पाकिटातून गेली,
पाकिटालाही डाग असायचा.

मुळाचा नमुना लागतो, नाहीतर कोर्टात टिकत नाही.
मी शिडीवरून चिमणीपर्यंत गेले.
मालकाने वर सरबत पाठवलं.

संध्याकाळी आई तिसऱ्या धूत होती.
"समुद्राचं किती?"
चौदा टक्के.
"जहाजांचं?"
नऊ.
"मातीचं?"
एकवीस. गाड्यांचं तेवीस, त्यात माझी स्कूटी धर.
"नि आमचं?"
बावीस.
तिने 'आमचं' म्हटलं, मी दुरुस्त केलं नाही.
पाणी ओतून दिलं. बोटांवर हिशेब केला.
"शंभर भरत नाय गो."
अकरा टक्के कुणाचे ते कळत नाही, आई.
"मग त्यांना आधी शोध की."
मग बऱ्याच वेळाने,
"लिही. पण भट्टी बंद झाली
तर साठ बाया घरी बसतील, ता पण लिही."
अहवालात त्याला रकाना नाही.
मी पेन्सिलीने समासात लिहिलं,
साहेबांनी खोडलं. मी पुन्हा लिहिलं.

दर दहा नमुन्यांमागे एक चकती कोरी ठेवायची असते.
ती माझ्याबरोबर जिना चढते,
पंपात बसते, पंप चालू होत नाही,
आणि तशीच परत येते.
तिने एकही श्वास घेतलेला नसतो.
काट्यावर ठेवताना मीही माझा रोखून धरते.
शून्य यायला हवं.
येत नाही.
तीन मायक्रोग्रॅम, कधी चार.
माझ्या बाहीचे असतील, जिन्याचे,
किंवा आमच्या घरातले, माझ्याबरोबर आलेले.

नियम असा, की तेवढे सगळ्यांतून वजा करायचे.
मी करते.